मोठे कोअर, छोटे कोअर आणि वेगाचं स्वयंचलित मोजमाप: नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशीनला जोडलेले बोर्ड, पिंपळगाव-निफाड पट्ट्यातल्या पॅकहाऊसमध्ये प्रतवारीसाठी बसवलेले कॅमेरे आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प. या तिन्हीकडून येणारी तक्रार जवळपास एकच असते: प्रोग्रॅम तोच, बोर्ड तोच, पण कधी झपाट्याने चालतो, कधी रेंगाळतो. पुढची उत्तरं लिनक्सवर काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. शक्य तिथे कमांडच्या आधी कारण सांगितलं आहे, कारण कमांड बदलत राहतात.

विषम मल्टिकोअर प्रोसेसर म्हणजे कोणता? तो माझ्याकडे आहे हे कसं ओळखू?

कोअर म्हणजे चिपवरचा सूचना चालवणारा स्वतंत्र भाग. ज्या चिपवर सगळे कोअर सारख्या ताकदीचे नसतात, ती विषम. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये बहुधा तीच आहे. आर्मने २०११ मध्ये बिग-लिटल रचना जाहीर केली. त्यात ताकदीचे कॉर्टेक्स-ए१५ आणि विजेची बचत करणारे कॉर्टेक्स-ए७ एकाच चिपवर होते. दोघांनाही एकच सूचनासंच कळत असल्यामुळे चालू प्रोग्रॅम एकावरून उचलून दुसऱ्यावर ठेवता येतो. ॲपलने २०२० च्या एम१ मध्ये चार मोठे आणि चार छोटे कोअर दिले, आणि इंटेलने २०२१ मध्ये बाराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये हीच वाट धरली. लहान उद्योगांच्या बोर्डांवर सध्या दिसणाऱ्या आरके३५८८ चिपमध्ये चार ए७६ आणि चार ए५५ आहेत, शिवाय ग्राफिक्स आणि न्यूरल (एआय मॉडेल चालवणारे) प्रोसेसर वेगळे.

दुसरा प्रकार औद्योगिक कामात जास्त भेटतो. एसटीएम३२एमपी१५७ वर दोन कॉर्टेक्स-ए७ लिनक्स चालवतात आणि बाजूला एक कॉर्टेक्स-एम४ मोटर किंवा सेन्सरचं वेळेबरहुकूम काम सांभाळतो. इथे प्रोग्रॅम इकडून तिकडे हलत नाही. दोन वेगळे प्रोग्रॅम एकमेकांशी निरोपानिरोपी करतात. मोजण्याची रीत दोन्ही प्रकारांत बरीच वेगळी आहे, म्हणून आपला प्रकार आधी ठरवा.

ओळखायला सोपं आहे. आर्मच्या बोर्डवर लिनक्स प्रत्येक कोअरसाठी 'सीपीयू कपॅसिटी' नावाची फाईल देतं. सर्वांत ताकदवान कोअरला १०२४ आणि इतरांना त्या प्रमाणात कमी आकडा असतो. सगळीकडे १०२४ दिसलं तर कोअर सारखे आहेत. रास्पबेरी पाय ५ तसा आहे, चारही ए७६.

एकच प्रोग्रॅम दोनदा चालवला तर वेळ इतकी वेगळी का येते?

कारण दोन्ही वेळा तो एकाच कोअरवर चाललाच असेल असं नाही. शेड्युलर, म्हणजे कोणतं काम कोणत्या कोअरवर चालेल ते ठरवणारा लिनक्सचा भाग, भार बघून थ्रेड (प्रोग्रॅममधली कामाची एक साखळी) हलवतो. त्यात क्लॉकची फ्रिक्वेन्सी वर-खाली होते, तापमान वाढलं की तीच फ्रिक्वेन्सी दाबली जाते, आणि नव्या कोअरवर गेल्यावर कॅश (कोअरजवळची छोटी, झटपट मेमरी) पुन्हा भरावी लागते.

इथे सरासरी फार फसवते. समजा, एक फ्रेम मोठ्या कोअरवर १८ मिलिसेकंदांत होते आणि छोट्यावर ४२ मिलिसेकंदांत. निम्म्या फ्रेम इकडे, निम्म्या तिकडे गेल्या तर सरासरी येते ३०. पण ३० मिलिसेकंद लागलेली एकही फ्रेम अस्तित्वात नाही! अहवालात ३० लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, प्रोग्रॅम मध्यम गतीचा आहे. प्रत्यक्षात त्याला दोन वेगळे चेहरे आहेत, आणि पट्ट्यावरून माल पुढे सरकून गेला तर तो ४२ वाल्या फ्रेममुळे. म्हणून सगळ्या वेळा आलेखावर मांडून बघा. दोन ढीग दिसले तर आधी 'कोणता कोअर' हा प्रश्न विचारा, कोडकडे नंतर वळा.

हाताने मोजलं तर काय बिघडतं? त्यासाठी ऑटोमेशन कशाला?

हिशेब करून बघा. फक्त मोठे कोअर, फक्त छोटे, दोन्ही मिळून: तीन पर्याय. चार फ्रिक्वेन्सी. तीन प्रकारचे इनपुट. प्रत्येकी दहा रन. हे ३६० रन झाले, तेही कोडच्या एकाच आवृत्तीचे. माणूस हे एकदा निष्ठेने करेल. पुढच्या आठवड्यात कोड बदलल्यावर पुन्हा करणार नाही, आणि करूही नये.

माझ्या मते त्याहून मोठं कारण नोंदीचं आहे. माणूस वेळ लिहून घेतो, पण त्या क्षणी बोर्ड किती तापला होता, गव्हर्नर (फ्रिक्वेन्सी ठरवणारं धोरण) कोणता होता, थ्रेड किती वेळा हलला, हे लिहायचं राहून जातं. स्क्रिप्ट ते विसरत नाही. कोअर, फ्रिक्वेन्सी आणि तापमान सोबत नसलेला वेळेचा आकडा पुढे कशाशीच ताडून बघता येत नाही. या पानावरचा एकच भाग वाचायला वेळ असेल तर पुढचा वाचा.

प्रत्येक रनसोबत नेमकं काय नोंदवायचं?

तीन गोष्टींना सूट नाही: काम कोणकोणत्या कोअरवर किती वेळ चाललं, त्या काळात फ्रिक्वेन्सी काय होती, आणि सुरुवातीचं व शेवटचं तापमान. पहिलीसाठी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ट्रेसमधल्या, म्हणजे वेळेनिशी ठेवलेल्या नोंदीतल्या, तीन घटना पुरतात: थ्रेड बदलला, थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्यावर गेला, फ्रिक्वेन्सी बदलली. 'ट्रेस-सीएमडी' किंवा 'परफेटो' हे साधन त्या टिपून ठेवतं. पूर्ण ट्रेस जड वाटला तर लिनक्सच्या 'पर्फ' या मोजमाप-साधनातलं 'पर्फ स्टॅट' किमान स्थलांतरांची संख्या तरी देतं. ती शून्य असेल तर निदान एक शंका मिटली.

त्यानंतर न बदलणाऱ्या गोष्टी: कर्नलची आवृत्ती, कंपायलर आणि त्याचे फ्लॅग, कोडचा कमिट (गिटमधली बदलाची नोंद), इनपुट फाईलचा हॅश (फाईल तीच आहे हे पटवणारा ठसा), बोर्डचा क्रमांक, गव्हर्नर. बोर्डचा क्रमांक का, असं पुष्कळजण विचारतात. एकाच चिपच्या दोन बोर्डांची हीटसिंक वेगळी बसलेली असते, पॉवर सप्लाय वेगळा असतो, आणि काही चिपमध्ये कारखान्यातल्या प्रतवारीप्रमाणे कमाल फ्रिक्वेन्सीही थोडी वेगळी निघते. बोर्ड बदलून घेतलेला आकडा जुन्या आकड्याशेजारी ठेवायचा असेल तर बोर्ड बदलल्याची नोंद हवीच.

हे सगळं एका रनला एक ओळ या पद्धतीने साध्या फाईलमध्ये किंवा एसक्यूलाईट या छोट्या डेटाबेसमध्ये टाका. त्यासाठी मोठी यंत्रणा उभी करण्याची गरज नाही.

प्रोग्रॅम एका कोअरला बांधून टाकला की प्रश्न सुटतो ना?

अर्धाच सुटतो. 'टास्कसेट' कमांड लावून बांधलेला रन 'हा कोअर काय करू शकतो' ते सांगतो. मोकळा सोडलेला रन 'ग्राहकाला काय मिळणार' ते सांगतो. दोन्ही घ्या आणि शेजारी ठेवा. बांधलेला रन स्थिर आणि मोकळा रन पसरलेला असेल तर दोष तुमच्या अल्गोरिदममध्ये नाही, थ्रेड कुठे बसतोय त्यात आहे. दोन्ही पसरलेले असतील तर मेमरी, इंटरप्ट किंवा तापमान तपासा.

बांधताना दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, इंटरप्ट, म्हणजे उपकरणांकडून कोअरला येणारी 'आधी हे बघ' अशी हाक. तुमचा प्रोग्रॅम क्रमांक ५ च्या कोअरवर बांधलात आणि नेटवर्कचे इंटरप्टही तिथेच येत असतील तर मोजमापात त्यांचीही भर पडते. दुसरी, फ्रिक्वेन्सी बहुतेक चिपवर एकट्या कोअरची नसते, गटाची असते. आरके३५८८ वर चार ए५५ चा एक गट आणि ए७६ चे दोन-दोनचे दोन गट आहेत. लिनक्स कोअरचे क्रमांक शून्यापासून मोजतं, म्हणून ४ आणि ५ हे एकाच गटातले ए७६. क्रमांक ४ च्या कोअरवर दुसरं काही जोरात चाललं तर ५ ची फ्रिक्वेन्सीही त्यासोबत वर जाते, आणि तुमचा प्रोग्रॅम विनाकारण चांगला दिसतो.

आठ कोअर वापरले तर चार कोअरपेक्षा हळू चाललं. हे कसं शक्य आहे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि त्याचं उत्तर कागदावर काढता येतं.

समजा, एका मोठ्या कोअरला एकट्याने २४ सेकंद लागतील असं काम आहे. छोट्या कोअरचा वेग मोठ्याच्या एक तृतीयांश धरा. फक्त चार मोठे कोअर लावले तर ६ सेकंद. आता आठही लावले आणि कामाचे आठ सारखे तुकडे केले. मोठा कोअर आपला तुकडा ३ सेकंदांत संपवतो. छोट्याला तोच तुकडा ९ सेकंद घेतो. शेवटी सगळ्यांनी एकत्र यायचं असेल तर पूर्ण कामाला ९ सेकंद लागले, आणि मोठे चार कोअर त्यातले ६ सेकंद नुसते थांबून राहिले. म्हणजे कोअर दुप्पट करूनही वेळ दीडपट झाली.

तुकडे बारीक केले आणि 'जो मोकळा होईल त्याने पुढचा तुकडा घ्यावा' अशी व्यवस्था केली, तर एकूण ताकद चार मोठ्यांची चार आणि चार छोट्यांची एक आणि एक तृतीयांश, म्हणजे पाच आणि एक तृतीयांश. चोवीसला त्याने भागलं की ४.५ सेकंद. ही आदर्श मर्यादा झाली; तुकडे वाटण्याचा खर्च धरून प्रत्यक्ष आकडा थोडा वर राहील, पण ९ च्या आसपास जाणार नाही. ओपनएमपीमध्ये (काम अनेक थ्रेडांत वाटण्याची तयार सोय) हा बदल वाटणीची पद्धत 'स्टॅटिक'वरून 'डायनॅमिक' किंवा 'गायडेड' करण्याइतका छोटा आहे.

ऑटोमेशनचा इथे खरा उपयोग होतो. ट्रेसमधून प्रत्येक थ्रेडने एकत्र येण्याच्या जागी किती वाट पाहिली ते काढा आणि कोअरच्या प्रकाराप्रमाणे वेगळं करा. मोठ्या कोअरवरचे थ्रेड सतत वाट बघताना आणि छोट्यावरचे कधीच वाट न बघताना दिसले तर वाटणी चुकली आहे. हे तपासायला पन्नास-साठ ओळींची पायथन स्क्रिप्ट पुरते, आणि ती पुढच्या प्रत्येक प्रकल्पात कामाला येते.

कामाचा जो भाग समांतर होतच नाही, तो मात्र मोठ्याच कोअरवर चालायला हवा. समांतर न होणारा भागच एकूण वेगाची मर्यादा ठरवतो, हा जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम इथे आणखी कडक होतो: तो एकेरी भाग छोट्या कोअरवर पडला तर वरच्या गणितात तीनपट महाग पडतो.

हार्डवेअर काउंटरचे आकडे कधी-कधी निम्मेच का येतात?

हार्डवेअर काउंटर म्हणजे सायकल, सूचना अशा घटना मोजणारे चिपमधले मोजक. विषम चिपवर प्रत्येक प्रकारच्या कोअरचं काउंटर-युनिट वेगळं असतं. इंटेलच्या संमिश्र प्रोसेसरवर 'पर्फ' त्यांना 'सीपीयू-कोअर' आणि 'सीपीयू-ॲटम' अशा दोन नावांनी ओळखतं आणि दोन वेगळ्या ओळी छापतं. तुमच्या स्क्रिप्टने पहिलीच ओळ उचलली तर प्रोग्रॅम दुसऱ्या प्रकारच्या कोअरवर असतानाचं सगळं काम हिशेबातून गळतं. प्रोग्रॅम सुधारल्यासारखा दिसतो. खरं तर तो फक्त हललेला असतो.

दुसरं कारण काउंटरची टंचाई. ए७ मध्ये चार आणि ए५५, ए७६ मध्ये सहा घटना एका वेळी मोजता येतात, सायकलचा काउंटर वेगळा. बारा घटना मागितल्या तर कर्नल त्यांना आळीपाळीने संधी देतो आणि उरलेल्या काळाचा आकडा अंदाजाने वाढवून सांगतो. 'पर्फ' शेजारी टक्केवारी छापतं, ती बघा. लांब चालणाऱ्या एकसुरी कामात हा अंदाज ठीक असतो, काही मिलिसेकंदांच्या कामात तो निरुपयोगी आहे. घटनांचे छोटे गट करा आणि प्रत्येक गटासाठी वेगळा रन घ्या. स्क्रिप्टला कंटाळा येत नाही.

आणि दोन प्रकारच्या कोअरचा प्रति सायकल सूचनांचा आकडा थेट ताडू नका. ए५५ सूचना क्रमानेच पुढे नेतो, एका वेळी जास्तीत जास्त दोन. ए७६ क्रम मोडून काम करतो आणि एका वेळी चार सूचना उलगडू शकतो. ए५५ वर कमी दिसलेला आकडा कोडचा दोष सांगत नाही. दोन कोअरची तुलना करायची तर एकूण वेळ किंवा एकूण ऊर्जा यावर करा.

'पर्फ' परवानगी नाही म्हणतं. काय करू?

कर्नलची 'पर्फ इव्हेंट पॅरानॉइड' ही सेटिंग बघा. आकडा जितका मोठा तितकी बंधनं जास्त. स्वतःच्या चाचणी-बोर्डवर ती सैल करायला हरकत नाही, ग्राहकाकडच्या मशीनवर करू नका. डॉकरच्या (प्रोग्रॅम वेगळ्या 'कंटेनर'मध्ये चालवण्याची सोय) आत असाल तर कंटेनरलाही वेगळी परवानगी लागते.

एम४ सारख्या बाजूच्या कोअरचं मोजमाप लिनक्समधून होतं का?

नाही. 'पर्फ'ला तो दिसतच नाही. एम४ वर डीडब्ल्यूटी नावाच्या भागात स्वतःचा सायकल-काउंटर आहे, तो वाचायचा. तो ३२ बिटांचा आहे. एसटीएम३२एमपी१५७ वर एम४ जास्तीत जास्त २०९ मेगाहर्ट्झने चालतो, म्हणजे साधारण साडेवीस सेकंदांत काउंटर भरून पुन्हा शून्यावर येतो. त्याहून लांब अंतर मोजायचं असेल तर फेऱ्या मोजण्याची सोय स्वतः करावी लागते.

खरी अडचण पुढे आहे. लिनक्सच्या बाजूचं घड्याळ आणि एम४ चं घड्याळ वेगवेगळं. 'निरोप पाठवला' आणि 'निरोप मिळाला' यांतलं अंतर दोन वेगळ्या घड्याळांवरून कसं काढणार? निरोप पाठवून परत मागवायचा आणि येण्या-जाण्याच्या वेळेचा अर्धा घ्यायचा, हा एक मार्ग. पण लिनक्सकडून जाताना लागणारा वेळ आणि परत येताना लागणारा वेळ सारखा असतोच असं नाही. लिनक्सला जागं व्हायला वेळ लागतो, एम४ तत्काळ उत्तर देतो. कारखान्यातल्या मंडळींना मी दुसरा मार्ग सुचवतो. दोन्ही कोअरकडून एकेक पिन वर-खाली करा आणि लॉजिक ॲनालायझर (पिनवरचे सिग्नल वेळेनिशी टिपणारं उपकरण) लावा. दोन्ही खुणा एकाच घड्याळावर उमटतात आणि वादाला जागा राहत नाही. ॲनालायझरचा डेटा फाईलमध्ये काढून स्क्रिप्टला दिला की हेही आपोआप होतं. पीएलसी आणि पॅनेलवर आयुष्य काढलेल्या तंत्रज्ञांना ही रीत लगेच पटते, आणि सॉफ्टवेअरच्या मुलांनी ती त्यांच्याकडून शिकावी असं मला मनापासून वाटतं.

ग्राफिक्स आणि न्यूरल प्रोसेसरचं काय?

त्यांना काम दिल्यावर फंक्शन लगेच परत येतं. काम अजून चालूच असतं. काम संपल्याची खात्री करून मगच घड्याळ थांबवा. डेटा नेण्या-आणण्याची वेळ वेगळी नोंदवा, कारण लहान मॉडेलमध्ये बऱ्याचदा तीच मोठी निघते. पहिला रन तयारीतच जातो, तो बाजूला ठेवा, पण फेकू नका: मशीन सकाळी सुरू केल्यावर पहिल्या फळाला तोच वेळ लागणार आहे.

नाशिकच्या हवेचा खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि इथे घाई करू नये. निफाडला थंडीत पारा एक आकड्यावर उतरतो. एप्रिल-मेमध्ये नाशिकमध्ये तो चाळिशीच्या वर जातो. द्राक्षाचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल, म्हणजे पॅकहाऊसमधला एकच बोर्ड एका हंगामात ही दोन्ही टोकं बघतो. पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनेलच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वरच असतं. चिपने ठरवलेली मर्यादा गाठली की कर्नल फ्रिक्वेन्सी उतरवतो, आणि ती उतरते प्रामुख्याने मोठ्या कोअरची, कारण तेच जास्त तापतात. जानेवारीत वेळेत बसणारा प्रोग्रॅम एप्रिलच्या दुपारी बसत नाही, तो यामुळे.

ऑफिसच्या एसीत घेतलेले आकडे खोटे नाहीत, पण अपुरे आहेत. दोन चाचण्या ठेवा. पहिली कोडची तुलना करण्यासाठी: तापमान ठरावीक आकड्याखाली उतरेपर्यंत स्क्रिप्टने थांबायचं आणि मगच रन सुरू करायचा. दुसरी टिकाव बघण्यासाठी: बोर्ड त्याच्या खऱ्या पेटीत बंद करून, पूर्ण भार देऊन, तापमान स्थिर होईपर्यंत आणि त्यानंतरही काही तास चालवायचा. अहवालात दुसऱ्या चाचणीचा शेवटचा तास लिहा. ग्राहकाला तो तास जगायचा आहे. लिनक्स तापमान मिलि-अंशांत देतं, ६५००० म्हणजे ६५ अंश. नवीन मुलं इथे हमखास गोंधळतात.

कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम थोडाच वेळ काम करतो, मग थांबतो. तो नेहमी छोट्या कोअरवरच का पडतो?

लिनक्सचा शेड्युलर थ्रेडचा भार मागच्या इतिहासावरून ठरवतो, आणि त्या इतिहासाचं वजन दर ३२ मिलिसेकंदांनी निम्मं होतं. कॅमेरा दर १०० मिलिसेकंदांनी फ्रेम देतो आणि तुम्ही २० मिलिसेकंद काम करता असं धरा. शून्यापासून सुरुवात केली तर २० मिलिसेकंदांत भार, मोठ्या कोअरवर पूर्ण वेगात धरला तरी, जेमतेम ३५ टक्क्यांपर्यंत चढतो. मग ८० मिलिसेकंदांची विश्रांती तो पुन्हा खाली आणते. शेड्युलरच्या नजरेला हे हलकं काम दिसतं आणि तो विजेची बचत करतो. २०१९ मध्ये लिनक्स ५.० पासून ऊर्जा बघून कोअर निवडण्याची सोय मूळ कर्नलमध्ये आली आहे, त्यामुळे आर्म बोर्डवर हा कल आणखी दिसतो. नव्या कर्नलमध्ये मागच्या फेरीचा भार लक्षात ठेवण्याचीही सोय आहे, तरी प्रश्न पुरता जात नाही.

उपाय: त्या थ्रेडला 'यूक्लॅम्प'ने किमान भार ठरवून द्या, म्हणजे शेड्युलर त्याला हलका समजणार नाही. थेट मोठ्या कोअरला बांधणं हा शेवटचा पर्याय ठेवा, कारण उद्या बोर्ड बदलला की कोअरचे क्रमांकही बदलतात.

किती रन घ्यायचे आणि दोन आवृत्त्यांत फरक पडला हे कसं ठरवायचं?

आधी 'अ विरुद्ध अ' चाचणी घ्या. तोच प्रोग्रॅम, दोन वेगळी नावं, संपूर्ण यंत्रणेतून जाऊ द्या. फरक शून्य यायला हवा. तो येत नाही. जो येतो तो तुमच्या यंत्रणेचा गोंगाट. तो चार टक्के निघाला तर दोन टक्क्यांची सुधारणा तुम्हाला दिसणार नाही, मग कोणी कितीही खात्रीने सांगो. गोंगाट कमी करा किंवा रन वाढवा. बाहेरून उसनी घेतलेली 'पाच टक्क्यांची मर्यादा' वापरू नका.

रन आलटून-पालटून घ्या: जुना, नवा, नवा, जुना. आधी सगळे जुने आणि मग सगळे नवे घेतले तर नव्याच्या वाट्याला तापलेला बोर्ड येतो. मध्यक आणि ९९ वा शतमानक (शंभरातल्या ९९ वेळा ज्याच्या आत बसतात तो आकडा) दोन्ही ठेवा, पट्टा ९९ व्यामुळे थांबतो.

एक गोष्ट ऐकून बरेचजण चकित होतात. लिंकरला (कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाला) फाईल कोणत्या क्रमाने दिल्या किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (यूजरचं नाव वगैरे प्रोग्रॅमला पुरवणाऱ्या नोंदी) किती लांब आहेत, यानेही प्रोग्रॅमचा वेग बदलू शकतो, कारण मेमरीतल्या जागा सरकतात. २००९ मध्ये संशोधकांनी हे पद्धतशीरपणे दाखवून दिलं. तेव्हा मोजमापाच्या यूजरचं नाव बदलल्यावर आकडे हलले तर ते अशक्य समजू नका.

वेग नेमका कोणत्या कमिटने बिघडवला, हे आपोआप सापडतं का?

सापडतं. 'गिट बायसेक्ट रन' दर वेळी मधला कमिट घेऊन तुमची स्क्रिप्ट चालवतं, त्यामुळे हजार कमिटमधला दोषी साधारण दहा पायऱ्यांत मिळतो. स्क्रिप्टने शून्य परत दिलं तर चांगला, १ दिलं तर वाईट, १२५ दिलं तर 'हा कमिट तपासता आला नाही'. बिल्ड मोडली तर १२५ द्या. बोर्ड तापलेला असेल तर १२५ देऊ नका. थंड होईपर्यंत थांबा आणि पुन्हा मोजा. नाहीतर चांगले कमिट वगळले जातात आणि बोट भलत्यावर जातं.

हे सगळं स्वतःच्या बोर्डवर चालवा. क्लाउडमधल्या सामायिक मशीनवर शेजारी कोण आहे ते तुम्हाला कळत नाही, आणि विषम आर्म चिप तिथे सहसा मिळतही नाही. टेबलावरच्या बोर्डला कमिट आल्यावर काम देणारा रनर बसवणं एका दुपारचं काम आहे.

यंत्रणा कारणही सांगू शकेल का, की फक्त आकडे?

काही प्रमाणात सांगते. इंटेलकडून २०१४ मध्ये मांडली गेलेली टॉप-डाउन पद्धत प्रोसेसरचा वेळ चार खणांत टाकते: उपयोगी काम, चुकीच्या अंदाजाने वाया गेलेलं, सूचना मिळायला उशीर, आणि मेमरी किंवा गणन-एककांमुळे अडकलेलं. २००९ चं रूफलाइन मॉडेल एका बाइटमागे किती गणितं होतात ते बघून मेमरी अडवते की गणन, ते सांगतं. २०१५ मध्ये आलेलं कॉझ हे साधन तर आणखी पुढे गेलं: कोडचा एखादा भाग वेगवान झाला असता तर पूर्ण प्रोग्रॅमचं काय झालं असतं, हे ते बाकीचे थ्रेड मुद्दाम थांबवून अजमावतं.

विषम चिपवर यातलं काहीही प्रत्येक प्रकारच्या कोअरसाठी वेगळं काढावं लागतं. मोठ्या कोअरवर मेमरीमुळे अडणारा कोड छोट्यावर गणनामुळे अडू शकतो. दोन्ही एकत्र करून काढलेलं निदान कोणत्याच कोअरला लागू पडत नाही.

मशीन लर्निंग लावून विश्लेषण करू का?

आधी वरच्या नोंदी सहा महिने नीट जमू द्या. तापमानाचा स्तंभच नसेल तर मॉडेल उन्हाळ्याला तुमच्या कोडचा दोष ठरवेल.

बोर्ड घ्यायला पैसे नाहीत. विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी?

जुन्या अँड्रॉइड फोनपासून. त्यात बहुधा मोठे-छोटे कोअर असतात, गुगलच्या एनडीके या अँड्रॉइड साधनसंचाबरोबर 'सिंपलपर्फ' हे मोजमाप-साधन मोफत मिळतं, आणि 'परफेटो'चा ट्रेस ब्राउझरमध्ये उघडून कोणता थ्रेड कोणत्या कोअरवर होता ते डोळ्यांनी बघता येतं. स्वतःच्या डीबग ॲपवर काम करताना फोन रूट करावा लागत नाही. वर दिलेलं चार आणि आठ कोअरचं गणित आपल्या फोनवर ताडून बघणं हा शेवटच्या वर्षाचा उत्तम प्रकल्प आहे. 'अ विरुद्ध अ' चाचणी, दोन ढिगांचा आलेख आणि वाट पाहण्याचा हिशेब एवढं नीट केलं तरी परीक्षकांपुढे ठामपणे उभं राहता येईल. जेम५ सारखा सिम्युलेटरही (चिपची सॉफ्टवेअरमधली नक्कल) मोफत आहे, पण तो खऱ्या चिपपेक्षा हजारो पटींनी हळू चालतो. प्रयोग अगदी लहान असेल तरच त्याच्या वाटेला जा.

विजेचा खर्चही मोजायचा आहे. त्यासाठी काय लागेल?

इंटेलच्या मशीनवर ऊर्जा मोजणारे 'रॅपल' काउंटर आत आहेतच. आर्म बोर्डसाठी पुरवठ्याच्या तारेत आयएनए२१९ किंवा आयएनए२२६ हा वीजप्रवाह मोजणारा सेन्सर घाला आणि वाचन दुसऱ्या बोर्डवर घ्या, म्हणजे मोजण्याचं ओझं त्याच चिपवर पडणार नाही. नुसते वॅट लिहू नका, एका फ्रेममागे किती ज्यूल ते लिहा. मोठा कोअर जास्त वॅट घेऊन लवकर संपवतो, छोटा कमी वॅट घेऊन रेंगाळतो, आणि कोण स्वस्त पडतो ते कामागणिक बदलतं.

जुने आकडे किती काळ ठेवायचे?

कच्चे आकडे सगळे, कायमचे. एका रनची एक ओळ काही शे बाइटची असते. पूर्ण ट्रेस मात्र जड असतात, ते फक्त बिघाड सापडलेल्या आणि प्रसिद्ध केलेल्या आवृत्त्यांचे ठेवा. सरासरी काढून कच्चा डेटा पुसू नका. पुढच्या हंगामात ग्राहक 'मागच्या वर्षी असं होत नव्हतं' म्हणेल तेव्हा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याची, त्याच तापमानाची ओळ काढून समोर ठेवता आली पाहिजे.